ट्यूनिंगनंतर गाडीचा आवाज

रविवार, संध्याकाळ

आज चहाचं आधण वेळेवर ठेवलंच गेलं नाही. यांची ती जुनी, घरघरत पळणारी गाडी, हे गेल्यावर नातीनं, मुक्तानं नेली. दर रविवारी ती नेहरू नगरहून येते. कोपऱ्यावर गाडी घरघरली की मी आधण ठेवायचं, हे असताना ठेवायची तसंच. आता तिनं इंजिन ट्यून करून घेतलंय. एवढ्या जुन्या गाडीला कशाला, असं सगळे म्हणाले. मिस्त्री मात्र म्हणाला, "इंजन में अभी दम है, बिटिया."

आणि काय पळते हो! मुक्तानं रायसेन रोडवर फिरवलं मला. हसून हसून डोळ्यांत पाणी.

पण ती आली कधी ते कळलंच नाही. दारात उभी राहून म्हणते, "आजी, आज चहा नाही?" उठून आधण ठेवलं. मग विचारते, "फायदा झाला ना गं ट्यूनिंगचा?" म्हटलं, "झाला, भरपूर झाला." खोटं नाही ते. पण ती घरघर गेली, आणि हे आज पुन्हा गेले.

मुक्ता निघाली तेव्हा फाटकाशी उभी राहून नवा आवाज ऐकला, कोपऱ्यापर्यंत. जरा बारीक आहे. पुढच्या रविवारच्या आत पाठ करायला हवा, आधणासाठी.