मातीखालचा विस्तव

९ फेब्रुवारी
आलो एकदाचे! शहरातल्या, मेहरूणच्या दोन खोल्या सोडून थेट यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. माझ्या नवऱ्याला, आवेजला केळीच्या बागेवर देखरेखीचं काम मिळालंय, राहायला पक्कं घरही. खिडकीजवळची खाट माझ्या सासूबाईंना, अम्मींना दिली. त्यांचे दोन्ही पाय लुळे पडलेत, हात लावावा तर माठासारखे गार. जीभ मात्र शाबूत! उतरल्या उतरल्या म्हणाल्या, हवा बदलली, सून तीच. मला हसू आवरेना. घरभर तीनदा फिरून झालं, एका जागी बसवतच नाहीये.

१२ फेब्रुवारी
बागेच्या कडेला वाळकी पानं आणि जुनी खोडं साचली होती. पलीकडे लगेच जंगल. उन्हाळ्यात तिथे ठिणगी पडली तर सगळंच जायचं, म्हणून आज जाळून टाकायचं ठरलं. मजुरीला येणाऱ्या लताबाई मूळच्या नरडाण्याच्या. त्यांनी वारा पडेपर्यंत काडी ओढू दिली नाही. भोवतीची जमीन खरवडून घेतली, पिंपं भरली, एकेक लहान ढीग पेटवला. अम्मींनी खुर्ची बाहेर मागितली आणि जाळाकडे पाय करून बसल्या. इतक्या खुशीत त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी पाणी संपलं, त्यात वीज गेली, मोटार बंद. आवेजला भूक लागलेली. त्याने निखाऱ्यांवर फावड्याने माती ओढली आणि हात झटकले. लताबाई भडकल्या. "माटीखाल इस्तो जित्ता ऱ्हास, भाऊ!" पाणी मारून, कालवून, राख हाताला गार लागेस्तोवर हलायचं नसतं, म्हणाल्या. आवेजने त्यांना जेवायला बोलावलं.

१५ फेब्रुवारी
झाडताना अम्मींच्या खाटेखालची फरशी कोमट लागली. ऊन तिथवर येत नाही. लताबाईंना दाखवलं. त्यांचं म्हणणं, पुरलेला विस्तव जुन्या मुळ्या धरून लांबवर जातो. आवेजने राखेपासून भिंतीपर्यंत चर खणला. एक मूळ सापडलं नाही. माती मात्र गरम, सरळ एका रेषेत. टँकरभर पाणी ओतलं.

१७ फेब्रुवारी
खाट पलीकडच्या खोलीत नेली होती. आज तिथली फरशी गरम, आधीची थंडगार. आवेज आधी हसला, मग त्याने स्वतः हात लावला. पुन्हा हसला नाही. अम्मी मात्र कुरकुरतायत. सारखी खाट का हलवता, इथे छान वाटतंय म्हणे.

१९ फेब्रुवारी
ओसरीत हलवलं. तिथली फरशी तडकली. बरोबर खाटेखालची. लताबाई आत यायला तयार नाहीत. म्हणाल्या, विस्तव लाकडामागे जातो, हा माणसामागे आलाय, अम्मींना इथून न्या. मला भीती वाटतेय. अम्मींना कसं सांगू? रात्रंदिवस त्यांच्याजवळ बसते, सारखी उठून फरशी चाचपते.

२१ फेब्रुवारी, दुपार
मेहरूण. नणंदेचा फ्लॅट, दुसरा मजला. खाली मातीच नाही! आवेजने अम्मींना उचलून वर आणलं आणि सामान आणायला यावलला गेला. नणंद कामावर. फरशीला हात लावला, गार. पुन्हा लावला. गारच! रडूच आलं मला.

थोड्या वेळाने
करपल्याचा वास. गॅस बंद आहे. खालच्या घरातून असेल.

अम्मींच्या पायाखालची चादर तपकिरी झालीय —

फरशी अजूनही गार. मग चादर कशाने —

अम्मी हाका मारतायत. बोटं हलली म्हणतात. खरंच हलतायत. किती वर्षांनी! त्या हसतायत. मी तळव्याला हात लावला आणि —

माझ्या बोटांना फोड आलेत. त्यांना काहीच दुखत नाही.

ओला टॉवेल गुंडाळला. लगेच वाळला. आवेजचा फोन लागत नाही. दाराला कडी आहे, काढली तर शेजारी येतील, पण अम्मींना सोडून —

बादली ओतली. छन्न झालं. खोलीभर वाफ. अम्मी म्हणतात पाणी नको, आता कुठे ऊब आलीय. त्या उठून बसल्या. आपल्या आपण.

नखांच्या कडा लाल —

अम्मी, नको, पाय खाली टेकवू —

चालतायत. फरशीवर काळे ठसे. किती खूश आहेत! मला जवळ बोलावतायत. दार त्यांच्या मागे —

मनगट धरलंय माझं. म्हणतात, किती गार पडलेत गं तुझे —