मागच्या जागेवरची काच

जयपूर, आदर्श नगर
ता. १० सप्टेंबर १९५६

चि. सौ. वासंतीस इंदुबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गणपती या वर्षी ट्रंकेवर बसला. हो, ट्रंकेवर, वर चादर घालून. कारण चौरंगावर तुझ्या मोठ्या भावोजींचं विमान बसलं आहे, त्याचा पंख सुकतो आहे म्हणून ते हलवायचं नाही. मी म्हटलं, देवाला जागा नाही आणि विमानाला चौरंग, ही कुठली रीत. तर म्हणाले, देव समजून घेईल, सरस समजून घेत नाही.

आणखी ऐक. मागल्या दिवाळीपासून हा उद्योग चालला आहे. रविवार आला की बगरूला जातात. तिथं कापडावर छापायचे लाकडी ठप्पे कोरणारे आहेत, त्यांच्याकडून शिसवीचे तुकडे आणि बारीक पटाशा आणतात. लाकडावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण पत्रा पाहिजे म्हणून चहाच्या पेटीचा आतला पत्रा सोलला, चहा सगळा सादळला. बंदुकीच्या नळीला माझी गोधडीची सुई गेली. आणि काचा? गेल्या साली मला खोकला झाला तेव्हा छातीचा एक्स-रे काढला होता, तो सोड्याच्या पाण्यात धुऊन त्याच्या खिडक्या केल्या. डॉक्टर परवा म्हणाले, जुना एक्स-रे आणा, ताडून पाहू. मी काय सांगू, तो विमानाला लावलाय म्हणून? काल तर कहर झाला. मी वेणी घालत होते, हे मागून आले आणि एक केस उपटला. मला वाटलं, या वयात काय हे. तर तो केस विमानाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत ताणून बांधायचा होता, बिनतारीची तार म्हणून. तो पांढरा निघाला म्हणून दुसरा उपटला.

वस्तू झकास झालीय, खोटं कशाला बोलू. रंगनाथभावजी ब्रह्मदेशच्या लढाईत ज्या विमानातून गेले आणि परत आले नाहीत, हुबेहूब तसलं. चाकं फिरतात, शेपूट हलते, आत मुगाच्या डाळीएवढी घड्याळं आहेत. इथल्या छावणीत आपल्या साताऱ्याकडचे ज्ञानोबा जाधव आहेत, त्यांनी लढाईत तसली विमानं खोलली, जोडली. ते येतात, पोळ्या हाणतात आणि अमका खिळा तिथं नव्हता म्हणून सांगतात. मतलब, झालेलं पुन्हा उकलायचं.

मी रोज ओरडते, पुरं करा ते विमान. म्हणजे बंद करा. हे म्हणतात, पुरंच करतोय. तुझा नवरा बेपत्ता झाल्याला माघात बारा वर्षं झाली. भावजींचं नाव काढलं की हे उठून जातात, म्हणून मी जास्त ताणत नाही. पण तुझं ऐकतात. एकदा कडक शब्दांत लिही. तुझी शाळा आणि तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी जाऊ,
इंदुबाई


वाई
ता. १९ सप्टेंबर १९५६

ती. सौ. जाऊबाईंस वासंतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी पोट धरून हसले. केसाचा मजकूर आईला दोनदा वाचून दाखवावा लागला. पत्राच्या शेवटाशी आले आणि हसू गेलं. तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही, असं दिसतं.

गेल्या दिवाळीत मोठे भावोजी वाईला आले, तेव्हा मी त्यांना कृष्णेच्या घाटावर एक गोष्ट विचारली होती. सरकारनं तुमच्या दिरांना मृत ठरवून कधीच कळवलं. मामंजींनी ते मानलं नाही. प्रेत दिसलेलं नाही, बारा वर्षं वाट पाहायची, म्हणाले. आता मामंजी नाहीत आणि बारा वर्षंही भरत आली होती. म्हणून मी म्हटलं, रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्या. सख्खा भाऊ तेवढे तुम्हीच. भावोजी म्हणाले, त्याचं विमान करायला घेणार आहे, ते पुरं होऊ दे, मग करू.

मला वाटलं, भावाच्या मायेपोटी थोडा अवधी मागताहेत. तेव्हापासून दर पत्रात विचारते, कुठवर आलं? फाल्गुनात इंजिन राहिलं होतं, वैशाखात चाकं, श्रावणात शेपूट. तुम्ही तर म्हणता चाकं फिरतात, शेपूट हलते. मग राहिलंय काय?

पुढचं बसून वाचा. आमच्या शाळेत गणित शिकवणारे सदाशिवराव आहेत, त्यांनी मला मागणी घातली आहे. त्यांची पत्नी वारली, मूलबाळ नाही. मी हो म्हटलं आहे. कायद्याची आडकाठी नाही, ते विचारून घेतलं. पण एकाच्या नावाचं कुंकू कपाळावर ठेवून दुसऱ्याच्या अक्षता घ्यायच्या नाहीत, ही अट माझी आहे, त्यांची नाही. मला आधी विधवा व्हायचं आहे, जाऊबाई. तुम्हाला धक्का बसेल, रागही येईल. रागवा, पण काय राहिलंय तेवढं त्यांना विचारा.

तुमच्या बोलण्यांवरसुद्धा जीव असलेली,
वासंती


जयपूर
ता. २ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. वासंतीस इंदुबाईचे आशीर्वाद. वि. वि.

बसून वाच म्हणालीस, मी चुलीपुढं उभ्यानं वाचलं. भात तळापर्यंत लागला. मला काय झालं ते लिहायला माझ्याकडं अक्षरं नाहीत, मी चौथीपर्यंत गेलेली बाई. एवढं सगळं ठरवून बसलीस आणि थोरल्या जावेला सगळ्यात शेवटी कळवतेस. दर चैत्रात मी तुला हळदीकुंकवाची पुडी पाठवते, ती लावताना तुझ्या मनात काय यायचं ते एकदा सांग. तिसऱ्या दिवशी राग उतरला. तुम्ही दोघं एकत्र किती राहिलात ते मी डोळ्यांनी पाहिलंय, एका रजेपुरतं. त्यात संसार कसला झाला. मग मी यांच्याकडं वळले.

हे कचेरीत गेल्यावर मी विमानाजवळ जाऊन बसले. पुढं पायलट बसलेला, टोपीबिपी घालून. मागची जागा मोकळी. तिथली काच नुसती सरकवून उघडी ठेवलेली. भावजी मागं बसायचे, बंदुकीवर, एवढं मलाही माहीत आहे. चौरंगाखाली जुना पानाचा डबा होता, तो उघडला. वासंती, आत सात-आठ रंगनाथभावजी. बोटाच्या पेराहून लहान, लाकडाचे, रंगवलेले, कापसात निजवलेले. एकाचा डावा खांदा उतरता, भावजींचा होता तसा. एकाचं नाक तेच. मी डबा उघडा टाकून बाहेर पायरीवर येऊन बसले.

हे आल्यावर डबा पुढं केला. म्हटलं, एवढे आहेत तर एक बसवत का नाही. म्हणाले, एकही नीट जमलेला नाही. मी म्हटलं, मला उल्लू बनवू नका. मग म्हणाले, ज्ञानोबा सांगतात, ती मागची काच उडत्या विमानातसुद्धा आतून ढकलता येते. गनरपाशी हवाई छत्री असते, तो उडी टाकू शकतो. त्याला बसवला की काच ओढून चिकटवावी लागेल. चिकटवली की तो आतच. उघडी आहे तोवर त्याला वाट आहे. एवढं बोलले आणि हातपाय धुवायला गेले.

कचेरीत माणसं यांच्या एका सहीसाठी ताटकळतात, आणि घरी हे असं. मी वर्षभर सरस आणि पत्र्यावरून भांडत होते. आता मला काही सुचत नाही, तूच सांग.

रागावलेली पण तुझीच,
इंदुबाई


वाई
ता. १५ ऑक्टोबर १९५६

ती. सौ. जाऊबाईंस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन शाळेत गेले आणि एकाच वर्गाला एकच धडा दोनदा शिकवला. मुलींनी सांगितलं तेव्हा कळलं.

मोठ्या भावोजींना काही बोलू नका. मला वाटायचं, वाट पाहणारी मी एकटीच. खरं म्हणजे मी केव्हाच थकून थांबले होते. ते अजून पाहताहेत. त्यांच्या हातून ती काच लावून घेऊन मी बोहल्यावर उभी राहणार नाही. सदाशिवरावांना दिवाळीच्या सुट्टीनंतर नाही म्हणून सांगते. ते वाद घालणार नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं. विमान आहे तसं राहू दे.

माया असू द्या.

वासंती


जयपूर
ता. ६ नोव्हेंबर १९५६

चि. वासंतीस आशीर्वाद. वर सौ. लिहू की नको ते कळेना, म्हणून नुसतंच.

तुला थांबायला कुणी सांगितलं? तिकडं तू लग्न करत नाहीस, इकडं हे काच लावत नाहीत. त्या बिचाऱ्या भावजींनी तुमचं काय घोडं मारलं होतं म्हणून दोघांनी त्यांना असं लटकत ठेवलंय?

मी काय केलं ते ऐक. भाऊबीजेला ज्ञानोबांना जेवायला बोलावलं होतं, त्यांना आणायला हे छावणीत गेले. मी डब्यातला उतरत्या खांद्याचा काढला, सरस लावला, मागच्या जागेवर बसवला, काच ओढली आणि कडेनं सरस फिरवला. माझे हात भाकरीचे, काचेवर अंगठा उमटला तो उमटलाच. मग पाट घेऊन तिथंच बसले.

हे आले, टोपी काढली आणि पाहिलं. ज्ञानोबांनीही पाहिलं, आणि ते आल्या पावली बाहेर जाऊन विडी ओढत उभे राहिले. मला वाटलं, आता हे विमान भिंतीवर आपटतात. तर उकिडवे बसले, डोळा काचेला लावला आणि म्हणाले, उलटा बसवलास. मला समजेना. म्हणाले, गनर पायलटला पाठ लावून बसतो, तोंड शेपटीकडं, मागून येणाऱ्यावर बंदूक धरून. मी बसवले होते पुढं तोंड करून, बैलगाडीत बसतात तसे. बंदूक मागं वळलेली दिसत होती, पण मला वाटलं, गरज लागली की मागं वळून झाडत असतील. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढं भावजी आपले समोर बघत चाललेले. समोर काय येतंय ते त्यांना दिसतच नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, चुकलं माझं, उपटा आणि नीट बसवा. यांनी काचेवरून बोट फिरवलं. म्हणाले, सरस धरलाय, आता काढायचं तर काच मोडेल. आणि मग म्हणाले, असू दे, बघू दे त्याला पुढं. पुरं झालं. यातलं कुठलं पुरं ते मी विचारलं नाही. मग हे रडले. मामंजी गेले तेव्हाही मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला काय करावं कळेना, मी पानं वाढायला घेतली.

दुसऱ्या दिवशी हे आपण होऊन पुष्करला गेले आणि विधी ठरवून आले. कार्तिकातली अमावास्या, दोन डिसेंबर. पळसाची पानं तिथले गुरुजी आणणार. मंगळसूत्र मी माझ्या हातानं उतरवीन, घाटावरच्या कुणा बाईला तुझ्या अंगाला हात लावू देणार नाही. बांगड्या फोडायच्या नाहीत, काढून ठेवायच्या. मग माझ्याकडं राहा, आणि इथूनच तुला सदाशिवरावांकडं पाठवू. तुझा भाऊ म्हणून हे उभे राहतील. हे म्हणणं यांचं आहे, मी फक्त आधी बोलले.

विमान पुष्करच्या पाण्यात सोडायचं, असं हे म्हणतात. मी म्हटलं, ते तुमचं नाही आणि माझंही नाही, जिचा नवरा त्यात बसलाय ती सांगेल.

तेव्हा आता आढेवेढे नकोत. सदाशिवरावांना नाही म्हणून बसली असशील तर जा आणि हो म्हण, लाज वाटली तर माझं नाव पुढं कर. तू कुठल्या गाडीनं निघतेस, एकटी येतेस की त्यांना घेऊन, आणि विमान पाण्यात सोडायचं की तुझ्याबरोबर द्यायचं, ते कळव. लोभ काय तो उत्तरातून दिसू दे. वीस तारखेच्या आत तुझं पत्र माझ्या हातात पाहिजे, आणि त्यात नाही लिहिलेलं असेल तर ते टाकूच नकोस.

इंदुबाई