मुंगीची किल्ली आणि माझा माइक कोणाला मिळावा याविषयी

मी, खाली सही करणार, वय चौपन्न, धंदा संगणक दुरुस्ती, कोणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. पत्नीने आपलं मत राखून ठेवलं आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. "काळजीचं काही कारण नाही," असं डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणायला लागले, तेव्हा मी कागद घेतला. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. पुढची खोलीही तिलाच, जिथे दर शनिवारी लोक आपापली जुनी मशीनं काखोटीला मारून दुरुस्तीला येतात. खोली याच कामासाठी राहावी अशी अट मी घालणार होतो. ती म्हणाली, "अटी तुमच्या मशीनला घाला. खोली आधी माझ्या नावावर करा, मग शनिवारी कोणाला बसवायचं ते मी बघते." म्हणून अट नाही. एवढ्या वर्षांचा चहा तिने केला आहे, तेव्हा ती काय बघेल याचा मला अंदाज आहे.

कलम २. सोल्डर गन, भिंग आणि स्क्रूड्रायव्हरचा संच मुलीला. बारीक चिमटा तिने कॉलेजात असतानाच लंपास केला होता. तो आता रीतसर तिचा.

कलम ३. हे मुख्य कलम आहे, म्हणून सविस्तर.

मुंगी ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली आहे. तिच्याच जिवावर पडदा उजळतो, फाइल उघडते, छपाई होते. ती कोणा एकाच्या मालकीची नाही. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी, पुढे द्यावी. तिचं नाव ऐकलेली माणसं एका सभागृहात मावतील आणि मागच्या रांगा रिकाम्या राहतील. आपल्या भाषेतली मुंगी मी केली. मशीन अडकलं की पडद्यावर "जरा रुसलंय, थांबा" असं येतं, ती ओळ माझी. इतर भाषांतरकारांनी तिला पोरकट ठरवलं होतं. लोकांनी तीच पाठ केली.

या आवृत्तीची प्रत्येक नवी दुरुस्ती एका गुप्त डिजिटल किल्लीने शिक्कामोर्तब होऊन बाहेर पडते. ती किल्ली फक्त माझ्याकडे आहे. ती माझ्याबरोबर गेली, तर दुरुस्त्या थांबतील आणि माझ्या भरवशावर मुंगी घेतलेली सगळी मशीनं हळूहळू निकामी होतील. चुकीच्या हातात गेली, तर लोकांच्या पडद्यावर जाहिराती नाचतील.

मी मुंगीचा प्रचार भाषणांनी केला. वाचनालयाच्या सभागृहातलं भाषण सर्वांत गाजलं. आदल्या दिवशी मी मशीनवर मुंगीची अगदी ताजी, अजून चाचणीत असलेली आवृत्ती चढवली होती. आमच्या पंथातला प्रत्येक जण हे एकदा तरी करतो. ऐन वेळी पडदा काळा. मी डगमगलो नाही. "हीच तर गंमत आहे," म्हणालो आणि सर्वांसमक्ष मुंगी उघडून दुरुस्त केली. दुरुस्ती अप्रतिम झाली, आजही मला तिचा अभिमान आहे. मान वर केली तेव्हा सभागृहात फक्त चौकीदार आणि मुलगी उरली होती.

घरी येताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही लोकांना मुंगी दाखवत नाही, दुरुस्ती दाखवता. त्यांना दुरुस्तीचीच तर भीती वाटते."

मी म्हणालो, "मग तू कर प्रचार."

तिने केला. दातांच्या डॉक्टरांकडचं रडतखडत चालणारं मशीन घेतलं, त्यांना विचारून मुंगी घातली, भेटींच्या वेळांची फाइल होती त्याच कोपऱ्यात ठेवली. "आवडलं नाही तर परत पहिल्यासारखं करून देते," एवढंच बोलली. महिन्याभराने तिथल्या स्वागतिकेने विचारलं, "अगं, हे बंद पडायचं विसरलंय का?" मग त्या स्वागतिकेने आपल्या बहिणीच्या शाळेत सांगितलं, शाळेने छापखान्यात. माझ्या सगळ्या भाषणांनी जेवढी मुंगी पसरली नाही, तेवढी या पोरीने तोंड न उघडता पसरवली. मला आधी हेवा वाटला. मग छाती इतकी फुगली की माझ्या डॉक्टरांनी तिचा एक्स-रे काढायला सांगितला.

सबब, ती किल्ली मुलीला. तिनेही अट घातली: आणखी दोघांना किल्ली देईन, म्हणजे पुन्हा कोणाच्या ऑपरेशनवर मुंगी टांगून राहायला नको. मान्य आहे. मला हे सुचायला हवं होतं, पण मी भाषणात होतो.

कलम ४. माझा माइक आणि स्पीकर मेहुण्याला. "दाजी, चांगली असती तर फुकट दिली असती का?" हे वाक्य तो प्रत्येक समारंभात म्हणतो, आता मागच्या रांगेलाही ऐकू जावं. याच मेहुण्याने एका कंपनीशी माझी किल्ली विकण्याची बोलणी परस्पर चालवली होती. त्याला किल्लीजवळ फिरकू देऊ नये.

कलम ५. शनिवारच्या मंडळींना माझी सगळी मशीनं. मुंगीच्या बोधचिन्हातली मुंगी काळी असावी की तांबडी, हा वादही त्यांनाच. तो मिटवू नये.

कलम ६. शोकसभा घेतलीच, तर मुंगीवर कोणी बोलू नये. कोणाचं मशीन बिघडलं असेल तर ते आणावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पत्नीने करावी. वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला पटतो.

स्थळ: घराची पुढची खोली
दिनांक: चौदा जून, शनिवार
सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार १: दातांचे डॉक्टर. यांनी आमच्यासमोर सही केली. शुद्धीवर होते, कुरकुरतही होते.

साक्षीदार २: समोरचा दुकानदार, विकतच्या प्रणालींचा अधिकृत विक्रेता. मला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. सही होईपर्यंत यांनी मुंगीचं नाव काढलं नाही, हे मी प्रथमच पाहिलं. माझ्या दुकानातलं हिशेबाचं मशीन सोमवारी यांच्या मुलीकडे आणतो आहे. त्याचा या दस्ताशी संबंध नाही.