हळर्णच्या पाण्यावर माझी होडी

६ जाने.
उद्योजकतेचा तास. स्पर्धेसाठी गटागटानं प्रकल्प करायचेत. मुलग्यांना अ‍ॅप, ड्रोन. आम्हा मुलींना लोणची, मेंदी, केक. मी म्हटलं, सर, मला बॅटरीवर चालणारी होडी करायचीय. हळर्णच्या किल्ल्याखालून नदीत पर्यटकांना फिरवायला. आवाज नाही, धूर नाही. सर मायेनंच हसले. "तुझ्या आवयची सोलां बरी जातत मगे? तीच वीक." म्हणजे आईची आमसुलं विकायची.
नंतर फळ्यावर काय लिहिलं कोण जाणे. मला तिथं नदीच दिसत होती.

९ जाने.
बाबा तुये गावातल्या कामावरून आले. विचारलं, आजोबांची पडून असलेली होडी घेऊ?
"घे. नायतर कुसानच जातली."
इतकंच! मी उगाच धास्तावले होते.

२४ जाने.
म्हापशाला भंगारात बॅटरीच्या स्कूटरची मोटर मिळाली. शेजारचा रोहन गटात आलाय. परीक्षकांसमोर बोलायला एक मुलगा हवाच, इति सर. तो पक्कड देतो, वायरी धरतो. गुणी आहे, त्याच्यावर रागावताही येत नाही.
स्वप्नात होडी आपली आपण चालली होती. मागे मी. दोन्ही काठांवर माड, आणि कुणी काही विचारत नव्हतं.

२ फेब्रु.
सर म्हणाले, "गटप्रमुख रोहन. तू होडी सजय, फुलां लाय."
मी चक्क "हो सर" म्हटलं. बसमध्ये डोळे भरून आले. राग सरांचा नाही, त्या "हो"चा.
रोहन म्हणतो, "माका मोटरीतला काय कळता? तूच बोल." मग सांग ना सरांना! तर पक्कड पुसायला लागला.

११ फेब्रु.
उद्या परीक्षक नदीवर येणार. आईनं नारळ काढून ठेवलाय. आमच्यात होडीवर नारळ पुरुषानंच वाढवायचा. बाबा ड्यूटीवर. "रोहनाक सांग फोडूक," म्हणाली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

१२ फेब्रु.
परीक्षकांनी विचारलं, चालते कशी? रोहन माझ्याकडे बघायला लागला. सर हळूच म्हणाले, "चेडवा, फुलां सारकी कर." मी होडीत चढले. फुलांना हात लावला नाही. मागे बसले, मोटर चालू केली. स्वप्नातल्यासारखीच, बिनआवाजाची.
इतक्यात काठावरून आई साडी खोचून, पिशवीसकट पाण्यात. "माकाय घे गो."
काठ लांब गेला. सर हात हलवत होते, बोलावत होते की काय, कळेना. निकाल सोमवारी. गटप्रमुख म्हणून कुणाचं नाव वाचतील, देव जाणे.
मधल्या पाण्यात आईनं पिशवीतून नारळ काढला आणि माझ्या हातात दिला.