किल्ला पडल्यानंतरचं पान

बाबा, तुमची नात हवाई दलात निवडली गेली. रविवारी ती ट्रेनिंगला निघतेय, आणि मला तुमच्याशी भांडायचंय.

तुम्ही जन्मभर कारखान्यात विमानांचे पंख आखलेत. लढाई पाहिलीत ती फक्त पुस्तकात. पण सुट्टीच्या सकाळी आई थालीपीठं लावतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ती जाडजूड ऐतिहासिक कादंबरी वाचताय, आणि शेजारचे कन्नड काका दाराशी उभे. त्यांना निम्मं कळायचं नाही, तरी ‘वा, वा’ करायचे. किल्ला पडला, निशाण चढलं की तुम्ही पुस्तक मिटायचात. पुढचं पान मी शाळेत असताना एकटीने वाचलं. दुसऱ्या दिवशी बायका पाण्याचे तांबे घेऊन रणात उतरतात आणि एकेकाचं तोंड धुऊन बघतात, आपला कुठला ते. "हे का नाही वाचत?" असं विचारलं, तर तुम्ही कडाडलात, "हे ऐकून कोण लढायला जाईल?"

म्हणूनच मी माझ्या मुलीला ते पान मुद्दाम वाचून दाखवत आले. हेब्बाळच्या या फ्लॅटमध्ये, ती लहान असल्यापासून, दरवेळी. वाटायचं, एवढं ऐकल्यावर पोरगी युद्धाच्या वाटेला जायची नाही. काल बॅग भरताना तिने तेच पुस्तक मागितलं. मी म्हटलं, "त्या तांबेवाल्या बायका विसरलीस का गं?" तर म्हणते, "आई, तोच तर बेस्ट पार्ट आहे! काय लिहिलंय! अंगावर काटा येतो." तुम्ही गाळलंत, मी वाचलं, आणि पोरगी निघाली ती निघालीच. मरणसुद्धा इतकं सुंदर कशाला लिहून ठेवतात हो? त्या लेखकाला गाठून विचारलं असतं, पण तोही तुमच्यासारखा कधीच गेला.

मला भीती वाटते, बाबा. हे लिहून कुठे पाठवणार म्हणा, पण दुसऱ्या कुणाला सांगू? आज खाली भाजी घेताना शेजारच्या बेळगावच्या अक्कांनी विचारलं, "एकुलती एक ना हो? भय इल्वा?" मी ताठ मानेने म्हणाले, "भय कसलं अक्का, आमच्या रक्तातच आहे ते." रक्तात काय डोंबल आहे? तुमची पेन्सिल आणि माझ्या गणिताच्या शिकवण्या. पण ते वाक्य बोलताना फार बरं वाटलं. मघाशी अक्का आणखी दोघींना घेऊन अभिनंदन करायला आल्या, तेव्हा मी ते पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.