वर जाण्याआधीची वाटणी

देवाचं नाव घेऊन सुरुवात करतो. मी एंगिदा, वय एकोणीस किंवा वीस (आई एकोणीस सांगते, पण ती दुष्काळाचं वर्ष धरत नाही), राहणार कुठेच नाही, सध्या मुक्काम झोमा टेकडीखालची अब्बा याफकेराना गुरुजींची पाठशाळा, आज पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. यापुढे 'कोणाच्याही धाकाखाली नसताना' असं लिहायची रीत आहे. गुरुजी म्हणाले, ते गाळ, खोटं होईल. दाराबाहेर दोन भालेवाले बसलेत आणि राजाचा अधिकारी केफ्ले याचं खेचर दाणे खातंय. दाणे संपले की निघायचं. खेचर म्हातारं आहे, चावत चावत खातं. देव त्याला सांभाळो.

मी आजारी नाही. डाग पडलेत ते घाईत लिहितोय म्हणून. शाई चांगली आहे, मीच केलेली. तरी मृत्युपत्र अशासाठी की मी वर जाणार आहे. त्या डोंगराचं नाव आमच्याकडे कोणी घेत नाही, नुसतं 'वर' म्हणतात. चारी बाजूंनी तुटलेले कडे, माथा सपाट, चढायला एकच वाट आणि त्या वाटेवर पहारा. राजाच्या वंशातला जो जो पुरुष सापडेल त्याला तिथे नेऊन ठेवतात. वर गेला तो खालच्यांना मेला. त्याची जमीन वाटतात, बायको दुसरं लग्न करू शकते, देवळात त्याचं नाव मेलेल्यांच्या यादीत वाचतात आणि चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने गावजेवण घालतात. मग वर तो आणखी पन्नास वर्षं जिवंत का असेना.

कलम पहिले. माझं मेंढीचं कातडं, जे पांघरून मी पाच पाठशाळा फिरलो, ते गुरुजींकडे नव्याने येणाऱ्या पहिल्या विद्यार्थ्याला द्यावे. डाव्या खांद्याला भोक आहे. ते लालिबो गावच्या कुत्र्यामुळे. लालिबोमध्ये भिक्षेला जाताना मागच्या बाजूने जाऊ नये, पुढच्या दाराशी एक म्हातारी असते, ती कुत्र्याला नावाने हाक मारते आणि भाजलेले जव ओंजळ भरून देते. हे मृत्युपत्रात लिहायचं नसतं, पण नव्या मुलाला कोण सांगणार?

कलम दुसरे. शिंगाची दौत, तीन बोरू आणि अर्धी उतरवून झालेली स्तोत्रांची पोथी गुरुजींना. अर्धी राहिली याबद्दल क्षमा. मधमाश्यांच्या पोळ्याचं कोणी तरी बोललं म्हणून मी उठलो होतो, ते परत बसायला वेळ मिळाला नाही.

कलम तिसरे. शिल्लक. मिठाची एक वीट, तिचा एक कोपरा मी प्रवासात चाटून संपवला आहे. ती आई वलत्ता हिला.

कुत्र्यांसाठीची काठी बत्रेला. बत्रे माझा मित्र, याच पाठशाळेतला. त्याच्याबद्दल पुढे लिहायचं आहे, म्हणून इथे एवढंच.

कलम चौथे. केफ्लेला वाचता येत नाही. तो हे वाचून दाखवायला बत्रेलाच सांगेल. बत्रे, हे कलम सगळं गाळायचं. गाळताना थांबू नकोस, खोकू नकोस, सरळ पाचव्यावर जा. मी गेल्यावर दादाला एकदा वाचून दाखव आणि मग हा भाग सुरीने खरवडून टाक. हे लिहायचं कातडं जाड आहे, फाटणार नाही.

मागच्या महिन्यात देबोच्या टेकडीवर एका म्हाताऱ्याच्या चाळिसाव्याचं जेवण होतं. आम्ही विद्यार्थी अशा जेवणांवरच जगतो. यजमान माणसांना घराण्याप्रमाणे बसवत होता, मोठी घराणी मांसाच्या टोपलीजवळ आणि आम्ही दाराशी, जिथे इंजेऱ्याची भाकरी येईपर्यंत गार होते. मी उगाच म्हणालो, माझं घराणंही काही कमी नाही.

"असं?" यजमान म्हणाला. "मग मोज सात पिढ्या. चुकलास तर बाहेर, कुत्र्यांबरोबर."

सगळे हसले. मी उभा राहिलो. बाप मर्हा, त्याचा बाप, त्याचा बाप, असे सहा जण मी न अडखळता म्हटले. सातवा मला येत नाही. वडील तो शिकवणार होते त्या दिवशी मी मीठवाल्यांच्या तांड्यामागे तीन दिवस निघून गेलो, आणि परत आलो तेव्हा ते तापाने गेले होते. दादालाही येत नाही, तो म्हणतो लहान असताना ऐकलं होतं, विसरलो. इतकी माणसं बघत होती. त्या आठवड्यात मी राजांच्या जुन्या पोथीतली पानं उतरवत होतो. जिभेवर जे नाव होतं ते बाहेर पडलं. एका राजाचं नाव.

यजमान हसला. "बसवा रे याला टोपलीपाशी, राजपुत्र आहे!" मला मांसाचे दोन तुकडे मिळाले, एक मी बत्रेला दिला.

बत्रे, तू पुढच्या सगळ्या रस्त्याने सांगत सुटलास, माझा मित्र राजवंशातला आहे म्हणून. तुला अभिमान वाटला होता. मला माहीत आहे की त्यात वाईट काही नव्हतं, आणि तूही ते मनाला लावून घेऊ नकोस. पण सांगितलंस तूच.

हा राजा गादीवर आला तेव्हा दोन सावत्र भाऊ त्याच्यावर फौजा घेऊन चालून आले होते. ती लढाई जिंकल्यापासून तो वंश मोजतो आहे. सरदारांना दर दोन वर्षांनी दुसऱ्या मुलखात हलवतो, दूरच्या शिपायांना त्यांच्या गावांत बसवतो, आणि ज्याच्या अंगात गादीवर हक्क सांगण्याएवढं रक्त आहे त्याला वर पाठवतो. केफ्ले पाच दिवसांपूर्वी आला. मी लगेच त्याच्या पाया पडलो, म्हणालो, मालक, मी मांसासाठी खोटं बोललो.

"बरं," तो म्हणाला. "मग खरा सातवा कोण?"

मी पुन्हा त्याचे पाय धरले.

"बघ. खोटं असेल तर खऱ्याचं नाव तोंडात पाहिजे ना?" तो चिडला नव्हता. लसूण सोलत होता. "घाबरू नकोस रे. राजा कोणाला मारत नाही. फक्त वर ठेवतो. आणि खोटा वर गेला तर काही बिघडत नाही पोरा, खरा खाली राहिला तर बिघडतं. तुझ्या बापाच्या घरात आणखी कोण पुरुष?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय केलंय. माझा सातवा राजा असेल तर अस्बेदादाचाही तोच, आणि दादाच्या मुलाचाही. हब्ते दोन वर्षांचा आहे. अजून 'काका' म्हणताना थुंकी उडवतो.

मागच्या वर्षी वरचा एक पहारेकरी पाठशाळेत औषध मागायला आला होता. पाठशाळेत औषध नसतं, पण असतं असं त्याने ऐकलं होतं. त्याने सांगितलं, वर एक म्हातारा आहे, त्याला तान्हा असताना कडेवर घेऊन आणलं होतं. तो एकदा पहारेकऱ्याला विचारत होता, नदी म्हणजे काय रे? म्हणजे पाणी असतं हे माहीत आहे, पण ती जाते म्हणतात, तर जाते कुठे? पहारेकरी तिथून निघून आला. वरच्यांशी खालच्या गोष्टी बोलणाऱ्याचे डोळे काढतात.

मी तेव्हा हसलो होतो. केफ्ले आल्यापासून तो म्हातारा मला डोळे मिटले की दिसतो आणि त्याचं तोंड हब्तेसारखं असतं.

खिडकीतून उडी मारता येते. मी मोजून पाहिलं, दीड पुरुष उंची आहे, खाली ज्वारीचं खळं आहे. मी पळालो तर दादाला आणि हब्तेला नेतील. म्हणून बसलो आहे.

काल आई आली. दीड दिवस चालून, अनवाणी. देवळाच्या दारात गुरुजींनी क्रूस पुढे धरला आणि तिने त्यावर हात ठेवला. दादा होता, वहिनी हब्तेला घेऊन उभी होती, गावची माणसं होती. आई म्हणाली, मोठा अस्बे माझ्या नवऱ्याचा, मर्हाचा. मर्हाच्या घराला राजवंशाचा वाराही लागलेला नाही. धाकटा मर्हाचा नाही.

"मग कोणाचा?" केफ्लेने विचारलं.

"त्या साली सैन्य उतरलं होतं आमच्याकडे. त्यात एक त्या घराण्यातला होता."

"नाव?"

"अशा माणसाला नाव विचारतात का?" आई म्हणाली. "तुम्ही विचारलं असतं?"

मागून कोणी तरी एक घाण शब्द वापरला. तो शब्द वापरणाऱ्याला मी ओळखतो आणि त्याचं नाव इथे लिहिणार होतो. लिहीत नाही. दादाने तोंड फिरवलं. केफ्ले शिपायाला म्हणाला, "एकच खेचर घ्या."

संध्याकाळी मला तिला भेटू दिलं. तिने भाजलेले जव फडक्यात बांधून आणले होते. मी विचारलं, आई, खरं का गं?

"खा," ती म्हणाली.

"आई."

"मर्हाच्या घरात कोणाचे पाय असे चुळबुळले सांग बघू? तुझा बाप आयुष्यात तळ्यापलीकडे गेला नाही. लोकांना पटलं ना? बस्स. खा आता, वाटेत हे देणार नाहीत."

मला माहीत नाही. दादा, तुलाही माहीत नाही. आईशी बोलणं टाकू नकोस. ती खोटं बोलली असेल तर हब्तेसाठी, आणि खरं बोलली असेल तरी हब्तेसाठीच. एवढ्यासाठी हे कलम लिहिलं. आता खरवडा.

कलम पाचवे. जमीन. मर्हा यांच्या वाट्याचं जवाचं शेत आणि तळ्याकडचा वाटाण्याचा पट्टा. गुरुजी म्हणतात, कालच्या शपथेनंतर त्या जमिनीवर तुझा हक्कच नाही, तर तू देणार काय? म्हणून असं लिहितो: जो हक्क मला नव्हता आणि नाही, तो मी अस्बे यांना राजीखुशीने देतो. तळ्याकडचा बांध दर पावसाळ्यात फुटतो. तो मी एकदाही बांधू लागलो नाही. त्याची माफी असावी.

कलम सहावे. माझ्या चाळिसाव्याचं जेवण घालावे. मोठं नको. पण एक अट आहे: कोणालाही पिढ्या मोजायला लावू नये, आणि मांसाची टोपली दाराशी, विद्यार्थ्यांजवळ ठेवावी. मी त्या दिवशी वर कुठल्या तरी खोलीत असेन आणि दिवस मोजत असेन, तेव्हा जेवण खरंच झालं असं मला धरून चालायचं आहे.

भीती कोणाला देता येत नाही, नाही तर एक कलम तिचंही केलं असतं. वारा, थंडी, पहारेकरी यांची मला भीती नाही. पहारेकरी म्हणाला होता, माथ्याला फेरी मारायला सकाळपासून जेवणवेळेपर्यंत पुरते. म्हणजे पहिल्या दिवशी मी सगळं बघून घेणार. दुसऱ्या दिवशी काय? शिवाय राजा मुलाशिवाय गेला तर खालून घोडेस्वार येतात, एकाला गादीवर बसवायला. बाकीच्यांना खुरांचा आवाज ऐकून कळत नाही, मुकुट आलाय की सुरी. मी खोटा आहे की खरा हे तेव्हा मला कोण विचारणार?

केफ्लेने आत डोकावून विचारलं, "झालं का रे?"

"दोन ओळी राहिल्यात, मालक."

"काय देतोयस एवढं? तुझ्याकडे तर उवाच आहेत."

"त्या कोणाला ठेवायच्या तेच ठरत नाही."

तो हसला. भालेवालाही हसला. खेचराचं तोंड आता दाण्यांच्या बादलीत नाही.

कलम सातवे, शेवटचे. बत्रे, इथून सहीपर्यंत चौथ्यासारखंच: गाळ, दादाला वाच, खरवड. हब्ते बोलायला लागला की त्याला पिढ्या शिकवाव्यात. सहा. सातव्या जागी काय म्हणायचं ते गुरुजी, आई आणि दादा यांनी बसून ठरवावे. एखाद्या मीठवाल्याचं, गुराख्याचं नाव घ्यावे, पण नाव हवे आणि ते त्याला झोपेतही आले पाहिजे. तो पळून गेला तर मागे जाऊन शिकवावे. आणि त्याला एकदा नदीवर न्यावे, उगमाकडे नको, खाली, जिथून ती पुढे जाताना दिसते तिथे उभं करावे.

सहीपाशी बापाचं नाव लागतं. मर्हाचं लिहावं असं हाताला वाटतंय, सवय आहे. पण या कातड्यावर केफ्ले खूण करणार, ते देवळात राहणार, आणि उद्या वाचता येणारा कोणी येईल. मर्हा लिहिलं तर आईची शपथ खोटी ठरते आणि दुसरं खेचर येतं. दुसरं नाव मला कोणी दिलेलं नाही. म्हणून जे नक्की माहीत आहे तेवढंच लिहितो.

ठिकाण: अब्बा याफकेराना यांची पाठशाळा, झोमा टेकडी.
दिवस: संत लूकच्या नावाचं वर्ष, हिदार महिना, बारावा, मायकल देवदूताचा दिवस, सकाळ.

साक्षीदार:
अब्बा याफकेराना, गुरू. क्रूसाची खूण.
बत्रे, विद्यार्थी. वाचून दाखवले. सगळे वाचून दाखवले.
केफ्ले, राजाचा अधिकारी. भाल्याच्या टोकाची खूण. ऐकले, हरकत नाही.

लिहून देणार:
एंगिदा, वलत्ताचा मुलगा.