फळीवरचे बाबा

दि. ११ जानेवारी

ती. अण्णांस,
थोरल्याचा शि. सा. न. वि. वि.

धुलाईखान्यात दोन वर्षं पूर्ण झालेल्यांना घरच्यांसाठी हॉटेलातली एक खोली पाच दिवस मिळते. माझा नंबर लागला. एप्रिलचा पहिला आठवडा. परवानगी एक मोठं माणूस आणि एक लहान मूल अशी आहे, तेव्हा ठमीला आणि तिच्या आईला पाठवून द्या. माझ्या आईला म्हणावं, रागावू नकोस.

अण्णा, लोक कुठून कुठून हे बेट बघायला येतात आणि मी दोन वर्षांत समुद्रावर मोजून चार वेळा गेलोय. समुद्र माझ्याकडे चादरींतून येतो. चादर झटकली की खोलीत लहान मूल आहे की नाही ते कळतं. मोठ्यांची वाळू पायाशी असते, लहानांची उशीवर. ज्या मुलाला भर उन्हात फिरवलं त्याच्या चादरीला मलमाचे डाग असतात, आणि ज्याला दुपारी झोपवलं त्याच्या चादरीला फक्त लाळेचे. म्हणून ठमीसाठी मी ठरवून ठेवलंय की अकरा ते चार खोलीतच राहायचं. हनुवटीखाली बांधता येईल अशी टोपी हवी, पूर्ण बाह्यांची सुती झबली हवीत, आणि पाणी उकळलेलंच. वाळू तोंडात गेली तर घाबरायचं नाही, सगळ्यांचीच जाते.

मी निघालो तेव्हा ती तीन महिन्यांची होती. येईल तेव्हा अडीच वर्षांची असेल. ती मला ओळखेल का? खरं विचारायचं होतं ते एवढंच. बाकी टोपीबिपी उगाच.

आईला नमस्कार. माया आहे तशीच ठेवावी.

आपला,
थोरला


दि. २४ जानेवारी

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझी आई रागावायची ती रागावलीच. परक्या ठिकाणी पोरीला तेल कोण लावणार, असं दोन दिवस मला ऐकवलं, जणू बेट मीच समुद्रात नेऊन ठेवलंय. तिसऱ्या दिवशी टोप्या शिवायला बसली. तीन झाल्या. त्यातली एक मला बसते.

माझ्याकडे शाळेच्या हजेरीबुकांची बांधणी आली आहे. सरसाचं भांडं दिवसभर चुलीवरून उतरत नाही. तरी संध्याकाळी ठमीचा वाळूचा अभ्यास घेतो. कोपऱ्यावर घर बांधतायत, तिथून घमेलंभर वाळू मागून आणली. पहिल्या दिवशी तिला त्यात उभी करायला गेलो तर दोन्ही पाय पोटाशी घेऊन गळ्याला लोंबकळली. आता डाव्या पायाचा अंगठा टेकवते, तोही माझ्याकडे बघून, मोठे उपकार केल्यासारखा.

ओळखीचं मनावर घेऊ नकोस. ज्या फळीसमोर आपण सकाळी दिवा लावतो, तिथंच देवांच्या रांगेत तुझा फोटो ठेवलाय. रोज अंघोळ झाली की मी तिला उचलून धरतो. ती फळाची फोड फळीवर ठेवते, हात जोडते, डोळे मिटून बाबा म्हणते. मग ती फोड तिच्याच पोटात जाते. दीड वर्षात एक दिवस खाडा नाही. तिला तुझी आहे इतकी चांगली ओळख शेजारच्या मुलांना त्यांच्या बापाची नसेल.

प्रकृतीला जप. आठवण धरतोस तशी धरत जा.

तुझा,
अण्णा


दि. ५ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र इस्त्रीच्या टेबलावरच वाचलं. आधी हसलो. अण्णा, मी जिवंत आहे हो. धडधाकट आहे, पगार घेतो, जेवणाला नावं ठेवतो. मला देवांत कुठं बसवलंत?

मग हसू गेलं. गेल्या महिन्यात कपड्यांची गाडी ढकलत जात होतो. एका खोलीतून ठमीएवढा मुलगा बाहेर आला आणि माझं बोट धरून चालायला लागला. कोण, कुठला, काही नाही. त्याच्या आईने माफी मागून त्याला नेलं. त्या दिवशी माझ्या हातून चार उश्यांचे अभ्रे जळले. मला तेवढंच हवंय, अण्णा. नमस्कार नको.

कृपा करून मला फळीवरून उतरवा. अजून दोन महिने आहेत. रागावून लिहीत नाही, हे तुम्हाला कळेलच.

जीव आहे तसाच असू द्यावा.

आपला,
थोरला


दि. १८ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

चुकलं माझं. मी रोज तुझं नाव घेऊनच हात जोडतो. नाव घेताना तोंड समोर असावं म्हणून फोटो तिथं ठेवला. त्यापलीकडचा विचार केला नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुला उतरवलं आणि जेवायच्या जागेपाशी खिडकीत ठेवलं. सकाळी ठमीने फळीवरची रिकामी जागा बघितली आणि असा सूर लावला की शेजारीण विचारायला आली. दुसऱ्या दिवशी फोटो तिच्या हातातच दिला. म्हटलं, खेळ, चाट, फेकून दे. तिने हात मागे नेले. अंघोळीआधी फळीवरच्या कशालाही शिवायचं नाही, हे मीच तिला शिकवलंय. शिकवलेलं इतकं पक्कं बसेल असं वाटलं नव्हतं. शाळेत माझ्या स्वतःच्या डोक्यात काहीच बसत नसे.

आता एकच सांगतो. ती आली की उचलायला धावू नकोस. सरस लावलेलं पुस्तक दाबाखाली ठेवलं की कितीही वाटलं तरी उघडून बघायचं नसतं. बघितलं की शिवण सुटते. तू नुसता जवळपास राहा.

सूनबाई ट्रंक भरायला आत्ताच लागली आहे. तुझी आई रिकामी करून पुन्हा भरते.

मनात राग धरू नकोस.

तुझा,
अण्णा


दि. ५ एप्रिल

ती. अण्णांना आणि आईंना,
सा. न. वि. वि.

परवा सुखरूप पोचलो. बोटीत ठमी एकदाच ओकली, तेही एका फार नीटनेटक्या गृहस्थांच्या बुटांवर. आईंची टोपी सगळ्यांना आवडली, ठमी सोडून.

हे धक्क्यावर उभे होते. शर्टाला अशी इस्त्री की शर्टच यांना उभं धरतोय असं वाटावं. तुमच्या पत्राप्रमाणे जागचे हलले नाहीत. ठमीने बघितलं आणि लगेच ओळखलं, अण्णा. हात जोडले, डोळे मिटले, बाबा म्हणाली आणि माझ्या पायांमागे गेली. यांनीही हात जोडले. मग ट्रंक उचलायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

वाळूवर ती पाय टेकवत नाही. तुमच्या घमेल्यातला अंगठासुद्धा नाही. यांनी धुलाईखान्यातून एक मोठी, बाद झालेली चादर आणली आहे. तिच्या मधोमध ती बसते. हे बाहेर वाळूत बसतात, कारण हे चादरीवर आले की ती उठून हात जोडते. काल यांनी घास पुढे केला तर तिने मान खाली घातली. यांचंही जेवण धड होत नाही. मला म्हणतात की वेळ लागणारच. वेळ किती उरलाय ते दोघांनाही माहीत आहे, म्हणून तो विषय काढत नाही.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आशीर्वाद हवेत.

आपली,
सूनबाई


दि. ८ एप्रिल

ती. अण्णांस आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

सकाळच्या बोटीने दोघी निघाल्या. हे पत्र पोचेल तेव्हा ठमीचं सगळं आपल्या पद्धतीने सांगून झालं असेल. तरी माझी बाजू लिहितो.

परवा एक कामगार आजारी पडला, म्हणून मला पहाटे कामावर जावं लागलं. नऊ वाजता समुद्रावर आलो, चादरीच्या कडेला टेकलो आणि तिथंच झोपलो. माझं घोरणं आईला माहीत आहे. ठमीची आई सांगते की ठमी आधी घाबरली, मग जवळ आली, वाकून माझ्या नाकात डोकावली. मग आपल्या वाटीतली पपईची फोड माझ्या छातीवर ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटले.

मी अर्धवट जागा झालो. छातीवर पपई दिसली. भूक लागली होती. खाल्ली.

तिने डोळे उघडले तर फोड नाही. तिच्या फळीवरच्या कोणीही आजवर असं केलेलं नाही. ती माझ्या चावणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिने माझ्या गालावर अशी ठेवून दिली की आवाज आला. मी दुसरी फोड आणायला उठून पळालो, तर मी पळून चाललोय असं समजून ओरडत माझ्यामागे आली. चादर सोडून वाळूत, अनवाणी. पाय भाजतायत की रुततायत याचं भान नव्हतं तिला. मला गाठलं आणि गुडघ्यावर आणखी दोन ठेवल्या.

मग ती माझ्या मांडीवर बसून पपई खात होती, माझ्याकडे कोपर करून, पुन्हा घेऊ नये म्हणून. अण्णा, लहानपणी तुमचा मार पुष्कळ खाल्ला. मार खाऊन इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पुढचे दीड दिवस तिने माझं बोट सोडलं नाही. आज धक्क्यावर हात जोडले नाहीत. माझी कॉलर धरून रडली.

साहेबांनी आणखी दोन वर्षांच्या कराराचा कागद पुढे ठेवलाय. महिनाअखेर सही करायची आहे. पगार वाढेल. तुमचं मत कळवावं.

पाठीवरचा हात राहू द्यावा.

आपला,
थोरला


दि. २१ एप्रिल

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

दोघी सुखरूप पोचल्या. सूनबाईचं पत्र तिच्यामागून पाच दिवसांनी आलं. तिने स्वतःच ते तुझ्या आईला वाचून दाखवलं, आणि पुढचं सगळं माहीत असूनही दोघी रडल्या. मी दुकानात होतो, म्हणून वाचलो. तुझं पत्र काल आलं.

ठमी माझ्या हातून जेवत नाही. मी चमचा धरला की तो बाजूला सारून बाबा कुठंय म्हणून विचारते. वाईट वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? दीड वर्ष तिचं जेवण, झोप, पडणं, रडणं माझ्या खांद्यावर होतं. मग विचार करत बसलो की तुला इतक्या वर मी का ठेवलं. भक्तीने ठेवलं असं समजत होतो, आणि तेही होतंच. पण वर ठेवलेल्या माणसाचं बोट धरता येत नाही, आणि खाली बोट द्यायला मी एकटाच होतो. हे आज फळीसमोर कबूल केलं. तुझ्यासमोरही करतो.

दुसरं सांगायचं ते असं. रस्त्यावर कोणाची पावलं वाजली की ती दाराशी जाते. माणूस पुढे निघून गेला की परत येऊन खेळायला बसते, पण तोंड दाराकडे ठेवते. पूर्वी ती कोणाची वाट बघत नव्हती. तिला काही कमी आहे हे तिला माहीतच नव्हतं. आता माहीत आहे. हे आपणच तिला दिलं, बोटीने नेऊन, पाच दिवसांत.

कागदाबद्दल मत विचारलंस. मी दोन वर्षं देवाजवळ हेच मागत आलो की तो जिथं आहे तिथं सुखी असू दे. आजपासून त्यातले जिथं आहे तिथं हे शब्द गाळलेत. याहून जास्त बोलणं मला शोभणार नाही. तू बाप आहेस, तुझं तू ठरव.

हे लिहिताना ती दाराशीच आहे.

माझ्यावरची माया कमी करू नकोस. ठमीने थोडी केली आहे.

तुझा,
अण्णा